वैर जन्माचे नव्हे, हेळसांडीचे

संस्कृत व्याकरणकारांनी नित्य वैऱ्यांसाठी समासाचा एक स्वतंत्र नियमच करून ठेवला आहे. साप आणि मुंगूस, मांजर आणि उंदीर अशा जोड्यांचा समास झाला की तो एकवचनी होतो. ज्यांचे जन्मभर जमायचे नाही, त्यांना निदान व्याकरणाने तरी एका दाव्याला बांधावे, असा विनोद त्यात कोणाला दिसला तर नवल नाही. पाणिनीच्या ह्या नित्य वैऱ्यांत लोकांनी आपल्या परीने कुत्र्यामांजरांची भर घातली. दोन भाऊ भांडले, दोन जावांचे पटले नाही, विधानसभेत दोन पक्ष हमरीतुमरीवर आले, की कुत्र्यामांजरांचा दाखला हमखास निघतो. दाखला इतका सोयीचा की तो खरा आहे काय, असा प्रश्नच कोणी विचारीत नाही. आणि एखाद्या घरात पाळलेल्या कुत्र्याने पाळलेले मांजर मारले, तर ‘जातीवर गेला’ एवढे म्हणून सगळे मोकळे होतात. आमचे म्हणणे असे की, जातीवर गेला हे अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे घराच्या मालकाला आपल्या पदरात घ्यावे लागेल.

हा विषय मांडताना आम्ही पांढुर्णा आणि सौंसर ह्या मुलखाचे उदाहरण घेत आहो. गोमंतकीय वाचकांना ही नावे कदाचित फारशी परिचित नसतील. नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले हे दोन तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. तिथल्या पुष्कळ घरांत बोली मराठी, सणवार विदर्भाचे आणि सरकारी कागद हिंदीत, अशी स्थिती आहे. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहून मराठी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या लोकांविषयी आपलेपणा वाटावा हे स्वाभाविकच. पण आजचे कारण ते नव्हे. कुत्रा आणि मांजर ही दोन्ही जनावरे शेतकऱ्याच्या घरात हौसेने नव्हे, तर कामासाठी कशी आली, आणि त्यांचा संसार आजवर कसा निभावला, हे त्या मुलखातल्या मळ्यावरच्या घरात स्पष्ट दिसते.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. भोवती संत्र्याची बाग, पलीकडे कपाशी, बांधाच्या पुढे रान. रानडुकरे आणि नीलगायी रात्री पिकात शिरतात. म्हणून कुत्रा हवा. घरात धान्य आहे, सरकी आहे, म्हणजे उंदीर आहेत. म्हणून मांजर हवे. दोघांच्याही वाट्याला राखणच आली आहे, फक्त एकाची बांधावरची आणि दुसऱ्याची कणगीजवळची. जुन्या घरात ह्या दोघांचे हद्दीवरून फारसे भांडण होत नसे, कारण हद्द घरानेच आखून दिलेली होती. कुत्र्याने उंबरठा ओलांडायचा नाही, हा दंडक होता. मांजराला माळा होता, कोनाडे होते, कौलांखालची वाट होती. अंगणात गाठ पडलीच तर चार उड्यांत भिंत गाठता येत असे. आपल्याकडच्या जुन्या घरांतही हेच होते. कुत्रा पडवीच्या पायरीशी आणि मांजर चुलीच्या उबेला, मध्ये राजांगण, वर माळा. ह्या व्यवस्थेला कोणी प्राणिशास्त्र म्हणत नव्हते, पण प्राणिशास्त्राला मान्य व्हावी अशीच ती होती.

ती व्यवस्था आता मोडली आहे. पांढुर्ण्यात काय, नागपुरात काय, मडगावात किंवा पणजीत काय, घर आता सपाट छताचे, बंद खोल्यांचे आणि गुळगुळीत भिंतींचे झाले. माळा गेला, कोनाडे बुजले, अंगणाची जागा गच्चीने किंवा सज्जाने घेतली. कुत्रा उंबरठ्याच्या आत आला, दिवाणखान्यात आला, मुलांच्या बिछान्यापर्यंत आला. ह्यात वाईट काही नाही; जनावराला घरचे मानणे ही सुसंस्कृतपणाचीच खूण आहे. परंतु ज्या दोन जनावरांमध्ये पूर्वी अंगण आणि माळ्याची उंची होती, त्यांच्यामध्ये आता दहा फुटांची फरशी उरली आहे, हे मात्र कोणी ध्यानात घेतलेले दिसत नाही. घर बदलताना घराने केलेले काम कोणी करायचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

त्यात आणखी एक भर पडली. पूर्वी मळ्यावर येणारा कुत्रा बहुधा गावठी असे, शेजारच्या कुत्रीचा. आता पिल्ले विकत आणली जातात, आणि जात पाहून आणली जातात. देशी जातींचा अभिमानही वाढला आहे, आणि तो योग्यच आहे. मुधोळच्या कुत्र्याचे चित्र २००५ साली टपाल तिकिटावर आले; २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात मुधोळचा गौरवाने उल्लेख केला. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातील हा कुत्रा आणि मराठवाड्यात करवानी म्हणून ओळखला जाणारा त्याचा भाऊबंद ही खरोखर देखणी जनावरे. पण उंच पाय, अरुंद मुख, खोल छाती आणि लांबवर पोचणारी दृष्टी हे सारे त्यांना ज्या कामासाठी मिळाले, ते काम पळत्या सशाला गाठण्याचे आहे. इंग्लंडात कोल्ह्याच्या बिळात शिरण्यासाठी पैदास केलेले टेरिअर आणि उत्तरेच्या बर्फातून गाडी ओढणारा हस्की ही जनावरेदेखील आज आपल्या दमट किनाऱ्यावर हौसेने बाळगली जातात. त्यांच्याही अंगात पाठलागाची ओढ मुरलेली आहे. विकणारा रंग सांगतो, डोळे सांगतो, वंशावळ सांगतो; घरात मांजर आहे काय, एवढा प्रश्न मात्र तो क्वचितच विचारतो.

ही पाठलागाची ओढ म्हणजे नेमके काय, ते समजून घेतले पाहिजे. लांडग्याची शिकार ही अनेक कड्यांची साखळी असते. आधी कानोसा, मग नजर रोखणे, दबकत पुढे सरकणे, धावणे, पकडणे, मारणे आणि शेवटी फाडून खाणे. माणसाने हजारो वर्षे निवड करून ह्या साखळीतल्या काही कड्या कामाप्रमाणे बळकट केल्या, काही ढिल्या केल्या. मेंढपाळाचा कुत्रा नजर रोखतो, दबकतो, धावतो, पण पकडणे त्याला माफ नसते. पक्षी दाखवणारा कुत्रा जागच्या जागी थबकतो. ससाणकुत्रा धावतो आणि पकडतो. टेरिअर पकडतो आणि एका झटक्यात मान हलवून मारतो. म्हणजे जातीचा फरक हा सुष्ट-दुष्टाचा फरक नव्हे. साखळीतली कोणती कडी घट्ट आहे, एवढ्यापुरताच तो आहे. ज्याच्या बाबतीत शेवटच्या कड्या घट्ट आहेत, त्याच्यापुढून मांजर पळाले की उरलेले सारे क्षणार्धात घडते.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, पोटभर खाल्लेला कुत्रा शिकार करीत नाही. पाठलागाला भुकेची गरज लागत नाही. दूध पिऊन बाहेर पडलेले मांजर जसे चिमणीवर झेप घेते, तसेच हे आहे. दुसरा गैरसमज अधिक घातक. कुत्रा मुलांशी प्रेमळ आहे, परक्यावर भुंकतसुद्धा नाही, मग तो मांजराला काय करणार, असे पुष्कळांना वाटते. माणसावर धावून जाण्याचा स्वभाव ही एक गोष्ट आणि पळत्या लहान जनावराचा पाठलाग ही अगदी दुसरी गोष्ट. पहिल्यात भय किंवा राग असतो. दुसऱ्यात रागाचा लवलेश नसतो. असलाच तर आनंद असतो. म्हणूनच त्या क्षणी कुत्रा गुरगुरत नाही, दात विचकत नाही, पूर्वसूचना देत नाही. शांत कुत्रा पाहून निर्धास्त झालेला मालक फसतो तो येथेच.

मग तो दिवस येतो. सात-आठ महिन्यांचे झालेले, कालपर्यंत मांजरामागे लुडबुड करणारे पिल्लू आता अंगापिंडाने भरले आहे. घरात कोणी नाही, किंवा आहे तो दुसऱ्या खोलीत. मांजर फळीवरून खाली उतरते, काही तरी वाजते, ते दचकून धावते. कुत्रा उठतो. पुढचे सारे आटोपायला पाणी पिण्याइतकाही वेळ लागत नाही. शाळेतून परतलेल्या मुलाला काय सांगायचे, ह्याचा विचार मोठी माणसे करू लागतात आणि बहुधा खोटे सांगतात.

आमच्या मते खरी कसोटी ह्याच्या पुढे लागते. मांजराला संत्र्याच्या झाडाखाली पुरले जाते आणि कुत्र्याला काठी बसते. काठीचा आणि मेलेल्या मांजराचा संबंध त्याला उमगत नाही; मालक एकाएकी मारू लागला, एवढेच तो शिकतो. काही दिवस साखळीला, आणि मग एके दिवशी गाडीत घालून दूरच्या रस्त्यावर. अशा रीतीने एका हलगर्जीतून एक जीव जातो आणि दुसरा बेघर होतो. पाळलेले जनावर असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. कायद्याचे राहो. स्वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या धर्मराजाने, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून आत येण्यास नकार दिला, ही कथा आपण आपल्या मुलांना सांगतो. त्याच घरातून कुत्रा हमरस्त्यावर सोडला जात असेल, तर मुलांनी कोणत्या कथेवर विश्वास ठेवायचा?

पांढुर्ण्याचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते संत्र्यांपेक्षा गोटमारीमुळे. पोळ्याच्या दिवशी बैलांना ओवाळायचे आणि दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव ह्या गावांनी एकमेकांवर दगडांचा वर्षाव करायचा, नदीत रोवलेल्या पळसावरचे निशाण हस्तगत करायचे, अशी ती रूढी. दरवर्षी माणसे जखमी होतात, कित्येकदा जीव गेले आहेत. ह्या रूढीचा निवाडा करणे हा आजचा विषय नव्हे. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एखादे वैर ‘पूर्वापार’ आहे असे एकदा ठरले, की ते थांबवता येईल काय हा विचारच संपतो. उरतो तो जखमा बांधण्याचा बंदोबस्त. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत आपण नेमके हेच करीत आलो. वैर जन्माचे ठरवले आणि जबाबदारीतून सुटलो.

ते वैर खरोखर जन्माचे आहे काय? १९३० साली झिंग-यांग कुओ ह्या चिनी मानसशास्त्रज्ञाने मांजराच्या पिलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या पिलांनी आईला उंदीर मारताना पाहिले होते, त्यांतली बहुतेक पुढे उंदीर मारणारी निघाली. जी पिले उंदराच्याच संगतीत वाढली, त्यांतल्या फार थोड्यांनी मोठेपणी उंदरावर पंजा उचलला. व्याकरणातली नित्य वैऱ्यांची जोडीसुद्धा संगतीने सैल होते, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या बार हार्बर येथील स्कॉट आणि फुलर ह्या संशोधकांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ आप्त कोण आणि परका कोण हे ठरवण्याचा असतो. मांजराच्या पिलाचा हा काळ त्याहूनही लवकर, दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या सुमारास सरतो. तेल अवीव विद्यापीठातील दोघा संशोधकांनी कुत्रे आणि मांजर एकत्र पाळणाऱ्या घरांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. मांजर आधी घरात आलेले असेल, आणि ओळख होतेवेळी मांजर सहा महिन्यांच्या व कुत्रा वर्षाच्या आत असेल, तर त्यांचे पटण्याचा संभव अधिक, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ह्याच अभ्यासातली एक गोष्ट मोठी मनोवेधक आहे. ह्या दोन जनावरांच्या खुणांची भाषा पुष्कळदा उलट अर्थाची असते. कुत्रा शेपूट हलवतो ते बहुधा सलगीने. मांजर शेपूट आपटते ते वैतागून. अशा भाषेत दोघांचा गैरसमज न होईल तर नवल. तरीही लहानपणी एकत्र आलेली जनावरे एकमेकांची भाषा शिकतात, आणि मांजराच्या रीतीप्रमाणे नाकाला नाक लावून भेटणारे कुत्रेही आढळतात. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या पांढुर्ण्याच्या माणसाला काय, किंवा आम्हा गोमंतकीयांना काय, ह्याचे फारसे आश्चर्य वाटू नये. घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा आपण रोज बोलतोच.

मात्र ह्या संशोधनाचा आधार घेऊन कोणी निर्धास्त होऊ नये. संगतीने ओढ सैल होते, नाहीशी होत नाही. जो मुधोळ घरच्या मांजराशेजारी झोपतो, तोच बागेत शिरलेल्या शेजारच्या मांजरामागे सुसाट धावतो, आणि कित्येकदा घरचेच मांजर अंगणात पळताना दिसले तर त्यालाही ओळखत नाही. घरात आप्त आणि बाहेर सावज, अशी ही विभागणी असते. नसबंदीने भटकणे कमी होते, पण पाठलागाची ओढ त्याने मरते असे मानू नये. म्हणून ओळख करून देण्याची रीत आणि ओळख झाल्यानंतरचा रोजचा बंदोबस्त ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या.

ओळख करून देण्याची रीत अवघड नाही. ती फक्त सावकाशीची आहे. नवे जनावर आले की पहिले काही दिवस, शक्य तर दोन आठवडे, दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावे. आधी नजर नको, वास होऊ द्यावा. एकाच्या अंथरुणाचा कपडा दुसऱ्याच्या जागी ठेवावा, खोल्यांची अदलाबदल करावी, बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवू घालावे. दारापलीकडचा वास आला की काही तरी चांगले खायला मिळते, एवढे दोघांच्या मनात बसले म्हणजे पहिली पायरी झाली. मग जाळीच्या दारातून किंवा फटीतून दर्शन. नंतर कुत्रा पट्ट्याला, पट्टा घरातल्या भक्कम माणसाच्या हाती, आणि मांजर मोकळे. मांजराला कधीही हातात धरून कुत्र्यापुढे नेऊ नये. ते ओरबाडते, सुटते आणि पळते, म्हणजे नको तेच घडते. भेट दोन-चार मिनिटांची असावी आणि ती बिघडण्यापूर्वी संपवावी. कुत्र्याने मांजराकडे पाहून मालकाकडे मान वळवली की शाबासकी आणि खाऊ. ह्या क्रमाला आठवडे लागतात, पाठलागाची ओढ तीव्र असेल तर महिने लागतात. ज्याला इतका धीर नाही, त्याने दुसरे जनावर आणू नये.

रोजचा बंदोबस्त म्हणजे जुन्या घराने केलेले काम आता आपण करणे. माळा गेला तर भिंतीवर कुत्र्याच्या उडीबाहेरच्या उंचीवर रुंद फळ्या ठोकाव्यात, आणि एका फळीवरून दुसरीवर, तेथून कपाटावर अशी मांजराची अखंड वाट करावी. प्रत्येक खोलीत मांजराला निसटायला जागा हवी. कोपऱ्यात कोंडलेले मांजर हे निम्मे मेलेले मांजर होय. एक खोली अशी असावी की तिच्या दारात मांजर जाईल पण कुत्रा जाणार नाही. दाराला खाली लहान झरोका ठेवला तरी भागते. मांजराचे खाणे उंचावर, त्याची मातीची पेटी कुत्र्याच्या वाटेपासून दूर. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे रात्री, आणि घरात लक्ष ठेवणारे कोणी नसताना, दोघांमध्ये कडी लावलेले दार. वर्षानुवर्षे काही झाले नाही म्हणून हा नियम सोडू नये. काही झाले नाही ते ह्या नियमामुळेच.

कुत्र्याच्या ओढीला वाटही करून दिली पाहिजे. ज्याच्या पूर्वजांनी माळराने तुडवली, त्याला दिवसभर सज्जात बांधून संध्याकाळी शहाणपणाची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ दमेपर्यंत फिरवावे, दोरीला बांधलेल्या चिंधीमागे धावू द्यावे, लपवलेले खाणे हुंगून शोधू द्यावे. ‘सोड’, ‘थांब’, ‘ये’ ह्या तीन आज्ञा मांजर नजरेआड असताना पक्क्या कराव्यात, मगच मांजरासमोर. पहिल्या काही भेटींत जाळीचे मुसके घालण्यात कमीपणा नाही; मात्र त्यात जनावराला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, आणि त्याची सवय आधी खाऊ देऊन लावली पाहिजे. काठी आणि विजेचे झटके देणारे पट्टे मात्र घरात आणू नयेत. मांजर दिसले की वेदना होते असा संबंध कुत्र्याच्या मनात जुळला, तर वेदनेचा सूड मांजरावरच निघतो.

धोक्याच्या खुणा घरातल्या लहानथोरांना ठाऊक असाव्यात. कुत्र्याचे अंग सैल आहे, तो नजर फिरवतो, वाकून खेळायला बोलावतो, तर ठीक. पण अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेले, कान पुढे, नजर मांजरावर खिळलेली, हाक मारली तरी मान न वळणारी आणि सारे काही अगदी निःशब्द, अशी स्थिती दिसली, तर तेथेच भेट संपवावी. थरथर आणि दबके पाऊल दिसले तर काही दिवस मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. मांजराचेही पाहावे. ते खात नाही, सारखे लपते, पेटीबाहेर घाण करते, तर ते भयाखाली जगत आहे. मारले गेले नाही म्हणजे सुखरूप आहे, असे होत नाही.

आणि इतके करूनही काही कुत्रे मांजराबरोबर राहू शकत नाहीत, हे कबूल केले पाहिजे. विशेषतः ज्या प्रौढ कुत्र्याने पूर्वी एखादे मांजर मारले आहे, त्याच्या बाबतीत प्रयोग मांजराच्या जिवावर होत असतो. अशा वेळी घराचे कायमचे दोन भाग करावेत, किंवा एका जनावरासाठी दुसरे चांगले, पारखलेले घर शोधावे. विचारपूर्वक घर शोधून देणे आणि हमरस्त्यावर सोडणे ह्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात पराभवाची कबुली आहे, दुसऱ्यात विश्वासघात.

अपघात घडलाच तर काय करावे, तेही ध्यानात असावे. दोघांच्या मध्ये हात घालू नये. जाड चादर, फळी, पाण्याची बादली जे हाती लागेल ते वापरावे. मांजराच्या अंगावर दोन लहान भोके दिसतात म्हणून जखम किरकोळ समजू नये. कुत्रा सावज धरून झटकतो तेव्हा कातडीच्या आत मांस आणि बरगड्या चिरडतात. बाहेरून धडधाकट दिसणारे मांजर काही तासांनी दगावते. त्याला त्याच घटकेला पशुवैद्याकडे न्यावे. सोडवणाऱ्या माणसाला दात किंवा नख लागले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. रेबीज मांजरालाही होतो आणि मांजरापासून माणसालाही होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले ते कुत्र्यांच्या चिकाटीच्या लसीकरणामुळे. ती चिकाटी मांजरांच्या बाबतीतही घरोघर दिसली पाहिजे.

मळ्याच्या राखणीला आणखी एक बाजू आहे. ज्या कुत्र्याला घरचे मांजर धरण्याची मुभा मिळाली, तो रानातला ससाही धरणार. सातपुड्याच्या रानाला लागून असलेल्या गावांत हा प्रश्न केवळ घरगुती राहत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जनावराला हाकणे आणि कुत्रे सोडून त्याचा पाठलाग करणे हेही येते. कुत्र्याच्या पराक्रमाचे कौतुक करणाऱ्या मालकाने हे विसरू नये. सह्याद्रीच्या कुशीतल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या वाचकांनाही ते तितकेच लागू आहे.

सरकारचा विचार आतापर्यंत झाला आहे तो मुख्यतः माणसाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याविषयीचे परिपत्रक काढले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. माणसाच्या जिवाचा प्रश्न पहिला, ह्याविषयी दुमत नाही. परंतु जातींच्या याद्यांनी हा दुसरा प्रश्न सुटणार नाही, कारण तो बहुधा अशा कुत्र्यांचा आहे की जे कोणत्याच यादीत नाहीत आणि माणसाला नखही लावीत नाहीत. तेथे उपयोग होईल तो माहितीचा. पिल्लू विकणाऱ्याने त्याच्या जातीचे मूळ काम काय होते हे लेखी सांगावे, आणि घरात दुसरे लहान जनावर आहे काय हे विचारावे, एवढा दंडक घालण्यास काय हरकत आहे? लस टोचण्यास येणाऱ्या प्रत्येक मालकाला पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच्या भाषेत छापलेला एक कागद मिळावा. पांढुर्ण्यासारख्या नव्या जिल्ह्याला कारभाराची घडी नव्याने बसवायची आहे. तो कागद तेथे हिंदीबरोबर मराठीतही निघाला, तर ज्या आईच्या हातून कुत्र्याला आणि मांजराला रोज भाकरी मिळते, तिच्यापर्यंत तो पोचेल. आमच्या पंचायती आणि नगरपालिका कुत्र्यांची नोंदणी करतात, त्याच वेळी हे सहज करता येण्यासारखे आहे.

शेवटी प्रश्न कायद्याचा किंवा विज्ञानाचा तेवढाच नाही. आपल्या घरातल्या देवघराकडे पाहावे. दत्तगुरूंच्या पायांशी चार कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, भैरवाचे वाहन कुत्रा. बाळाच्या सहाव्या दिवशी जिची पूजा होते त्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर मानले जाते. एका देव्हाऱ्यात ज्यांची वाहने सुखाने नांदतात, त्या घराच्या ओसरीवर ती नांदू नयेत असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. देव्हाऱ्यातली शांतता मात्र आपोआप आलेली नाही. प्रत्येकाला त्याची जागा नेमून दिलेली आहे, आणि ती रोज कोणी तरी पुसून, मांडून ठेवतो. घरातल्या शांततेचेही तसेच आहे. कुत्रा आपल्या स्वभावाने वागतो, मांजर आपल्या स्वभावाने वागते. स्वभाव ओळखून आधी दार लावून घेणे फक्त माणसालाच साधते. ते ज्याने केले नाही, त्याने मेलेल्या मांजरासाठी कुत्र्याकडे बोट दाखवू नये.